हनुवटी जरा खाली

तेवीस वर्षं मी हेच बोलत आलोय
अरण्येश्वरच्या उतारावर, झेरॉक्सशेजारच्या गाळ्यात:
हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या. हसू नका.
पासपोर्ट, पॅन, रेशन, बारावीचा फॉर्म,
आठ फोटो, दहा मिनिटांत, पांढऱ्या पडद्यापुढे.
माझ्या हातून अर्धी पद्मावती
न हसता सरकारदरबारी जमा झालीय.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी कानडेबाई आल्या,
मागे चौदा पोरं, बाहेर चपला एकीवर एक.
"वस्तीतल्या मुलांचं नाटक आहे. दारात बोर्ड लावायचाय,
मोठ्यांच्या नाटकाला असतो तसा.
पैसे वर्गणीतून देऊ, पण थोडे थांबून."
थांबून म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.
(पुण्यात राहून विचारलं नाही, याची नोंद व्हावी.)

बकरी झालेला फैजान आधी बसला स्टुलावर.
सवयीनं तोंडातून निघून गेलं: हनुवटी खाली.
मग सरपंच, मग विहीर, मग दोन ढग.
रात्री स्क्रीनवर पाहिलं:
चौदा संशयित.
जणू कुणाची तरी सायकल चोरीला गेलीय
आणि कुणीच कबूल होत नाहीये.

बाई फार काही बोलल्या नाहीत.
"बकरी जरा घाबरलेली वाटते," एवढंच.

दुसऱ्या दिवशी पडदा गुंडाळून ठेवला
आणि मनपाच्या शाळेत गेलो, तालमीच्या खोलीत.
खिडकीशी बाक ओढला. फळ्यावर
लसावि-मसावि अर्धवट पुसलेला.
चारच्या सुमारास तिथं उजेड बरा येतो,
समोरच्या पाण्याच्या टाकीवरून उसळून,
किंचित पिवळा, मिशांना मानवणारा.

मिशा तनिष्का मोहोळला होत्या.
वय बारा, भूमिका म्हाताऱ्या पोस्टमनची.
खांद्याला आईची भाजीची पिशवी, खाकी रंगवलेली,
रंगाखालून "लग्नाचा बस्ता" अजून वाचता येत होतं.
बसली, आणि म्हणाली,
"काका, फोटोत कोण येणारे?
मी, का आजोबा?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असतं आपण कोण ते,
नाहीतर आधार कार्डावर लिहिलेलं असतं.
मी लेन्स पुसली. ती स्वच्छच होती.
म्हटलं, "जो आधी येईल तो."

ती वाट बघत बसली. खरंच वाट बघत,
शेवटच्या एसटीची बघतात तशी.
बाहेर दोन ढगांचं भांडण जुंपलं होतं.
मग तिचा डावा खांदा हळूच उतरला,
पिशवीत नसलेल्या पत्रांच्या वजनानं.
एक भुवई वर गेली,
आणि हनुवटी वर. चांगली वर.
मी बोललो नाही. बोट दाबलं.

प्रयोगाच्या रविवारी बोर्ड दारात होता,
थर्माकोल, सोनेरी कागद, एक कोपरा सुटलेला.
विहिरीची आई स्वतःच्या मुलीसमोर
दोन मिनिटं उभी राहिली, न ओळखता,
आणि शेजारणीला म्हणाली, "ही कुणाची गं?"
नाटक मी मागे उभ्यानं पाहिलं.
बकरी वाक्य विसरली.
विसरली तरी बकरीच राहिली.

परवा तनिष्का आली, दहावीच्या फॉर्मसाठी,
उंच झालेली, केसांना क्लिप, घाईत.
पांढरा पडदा. कान. हसू नको.
"हनुवटी जरा खाली," मी म्हटलं.
तिनं केली.
आणि बटण दाबता दाबता
डावा खांदा उतरला,
बोटभरच.

दुसरा काढायला हवा होता.
खांदे समान, असा नियम आहे,
आणि हा बोर्ड थर्माकोलचा नाही.
मी आठ प्रती छापल्या, कापल्या, पाकिटात घातल्या.
नववी ड्रॉवरमध्ये आहे.

कानडेबाईंचे सहाशे रुपये अजून यायचेत.
थांबलोय.