करंगळी

रात्रीचे पावणेतीन.
हडर्सफील्ड झोपलंय, बॉयलरही झोपलाय.
मी थंड फरशीवर उभा,
एक हात भिंतीला,
वाट बघत.
मग थेंब. मग परत वाट.
अंथरुणात पाय गरम व्हायच्या आत
पुन्हा बोलावणं.

चिपळूणच्या शाळेत करंगळी वर केली की
खांबेटे मास्तर चष्म्यावरून बघायचे,
"आत्ताच गेला होतास ना रे?"
आत्ताच गेलो होतो, मास्तर.
बाहत्तर संपली,
अजून आत्ताच गेलो होतो.

हेमलतेला मी बोललो नव्हतो.
तिने फ्लश मोजले.
"काल पाच," म्हणाली,
आणि माझा कप अर्धाच भरला.

दवाखान्यात कागद दिला: सात प्रश्न, शून्य ते पाच.
धार बारीक झाली का? कुंथावं लागतं का?
रंगशाळेत चाळीस वर्षं टक्केवारी लिहिलेला हात,
भराभर भरत गेला. बेरीज एकवीस.
खाली आणखी एक प्रश्न, एकटाच:
उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं, तर कसं वाटेल?
पेन थांबलं.
गिरणी बंद पडली तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं,
पोरगा कॅनडाला गेला तेव्हाही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण. हातमोजा चढवला.
मी कॅलेंडरावरच्या मेंढ्या मोजल्या. अकरा.
"वाढलीय," म्हणाल्या, "वयानं वाढते,
नळीचा गळा धरते."
रक्त तपासायला गेलं.
तो आठवडा हेमलतेनं निरांजनात
तूप जरा जास्तच घातलं.
फोन आला: तो आजार नाही.
ती काही बोलली नाही,
नुसती कुकरची शिट्टी बसवत राहिली.

आता रात्री एक गोळी, गळा सैल करणारी.
उठताना सावकाश, नाहीतर भिंत फिरते.
सहानंतर चहा बंद.
दुसरी गोळी ग्रंथी आकसवते, पण सहा महिने घेते.
नाहीच जमलं तर ऑपरेशन. पुढचं पुढे.
काल दोनदाच उठलो.

रंगशाळेतला वॉल्टर बागेत
नेहमी मुतारीजवळच्याच बाकावर बसतो.
आज विचारलं, "तुलाही?"
तो गोठलेल्या गवताकडे बघत राहिला.
"सहा वर्षं. बायकोलाही नाही सांगितलं."
मी डॉक्टरीणबाईंचा नंबर
त्याच्या वर्तमानपत्रावर लिहिला,
आणि करंगळीची गोष्ट सांगितली.

निघताना मागे वळलो तर
वॉल्टर उभा राहत होता, सावकाश,
जाडजूड हातमोज्यातलं
सगळ्यात लहान बोट वर धरून.
मी मान हलवली.
जा.