काळी चारची जागा

दिवेलागणीआधी आमची जेवणं उरकतात.
सासूबाईंचा नेम होता. त्या गेल्या, नेम राहिला.
म्हणून रात्र लांब पडते.
शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात
तेव्हा धन्यकुमार खुंटीवरची पिशवी काढतो
आणि मी पायपेटीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवते.

पेटी माझ्या वडलांची. नाटक कंपनी बुडाली
तेव्हा सहा महिन्यांच्या पगाराऐवजी मिळालेली.
सॅक्सोफोन गणेशनगरातल्या एका बँडचा.
डीजे आला, बँड बसला,
मालकानं आधी कोट विकले, मग टोप्या, मग हा.
दोन्ही वाद्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं लावलेली,
एकानं रस्त्यावरची, एकानं स्टेजवरची.

आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी
गाव सोडताना दिलेल्या अकरा कॅसेटी.
याला जॅझ म्हणतात हे आम्हाला डबीवर वाचून कळलं.
सातव्या कॅसेटीतल्या माणसाला
समेवर यायचंच नव्हतं.
मला राग आला, ह्याला हसू.
'पुन्हा लाव,' म्हणाला.

त्याला सत्तावीस वर्षं झाली.

मार्केट यार्डातून येतो तेव्हा त्याची बोटं पिवळी असतात.
कितीही घासली तरी नखांच्या कडेला हळद राहते,
सॅक्सोफोनच्या चाव्यांवर उतरते.
त्याचे वडील रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरवायचे,
तोंडानं एक शब्द नाही.
आमचंही तसंच.
मी एक सूर धरून बसते, तो त्याखाली भाव पाडतो,
मी सोडत नाही, तो उठून गेल्यासारखं करतो,
दारापर्यंत जातो,
परत येतो थोडं वाढवून.
टाळी दोनवर आणि चारवर. एकवर नाही.
एकवर टाळी द्यायची सवय मोडायलाच
मला तीन पावसाळे लागले.

एकोणीस साली नदी घरात आली.
आयर्विनखालची पट्टी बुडाली, माझीही.
सॅक्सोफोन डोक्यावर धरून तो बोटीत चढला.
पेटी कशी उचलणार?
मी तिच्यावर दुलई टाकली
आणि बाहेरून कडी लावली,
नदीला कडी कळते अशा बेतानं.

नऊ दिवसांनी दार उघडलं. भात्यात गाळ.
गच्चीवर उन्हात ठेवली, ब्रशनं झाडली.
एकेक सूर बोलायला लागला, घसा खाकरत.
काळी चार बोललीच नाही.

धन्यकुमारनं ती चावी वगळून एक चाल बांधली.
वगळून म्हणजे, बरोबर तिच्याच दारात नेऊन सोडलेली.
तिथं तो श्वास घेतो,
मी हात उचलते,
आणि खोलीत कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.

विश्रामबागेतल्या एका हॉलवर वाजवली ती.
सत्तर खुर्च्या, बावीस माणसं, भडंगाच्या पुड्या.
शेवटी एक निवृत्त हेडमास्तर उठले.
'उत्तम. पण राग कोणता?'
धन्यकुमार म्हणाला, 'हिचा.'
घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही,
पण रिक्षात, अंधारात,
गुडघ्यावर बोटं वाजत होती माझी. दोनवर. चारवर.

गेल्या महिन्यात मिरजेहून दस्तगीर मिस्त्री आले.
पितळेची नवी जीभ कापली, घासली, फुंकली, पुन्हा घासली.
दोन कप चहा, तीनशे रुपये.
'घ्या. बोलली.'
बोलली खरी.
दवाखान्यातून घरी आलेलं माणूस बोलतं तशी,
गरजेपेक्षा मोठ्यानं.

त्या रात्री बसलो.
जुन्या ठिकाणी त्याचा श्वास थांबला.
माझं बोट चावीवर होतं. दाबलं नाही.
दुसऱ्या फेरीलाही नाही.
उगीच वाटलं, इतकी वर्षं रिकामी ठेवलेली खुर्ची,
आपणच बसायचं का तिच्यावर?

तिसऱ्या फेरीला दाबली.

त्यानं सॅक्सोफोन तोंडातून काढला,
दाराकडे बघितलं.
'कोण आलं?'

मी पाय थांबवला नाही.