गुरुवारी माग बंद असतात

विट्यात आमच्या गल्लीला गुरुवारी वीज नसते,
म्हणून गुरुवारीच मला गाडी ऐकू येते.
एरवी घराघरातून धोटे पळत असतात,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्यांच्या ठेक्यात हलतं.

थंड इंजिनाला चावी मारली की पहिले चार-पाच सेकंद
डब्यात खिळे हलवल्यासारखं,
मग तेल वर चढतं आणि गप्प.
मी म्हटलं, नाना, टायमिंग चेन.
"कुठाय आवाज?" नाना म्हणाले.

चाळीस वर्षं जॉबर होते ते.
शेडच्या दारातूनच सांगायचे
तिसऱ्या रांगेतल्या कुठल्या मागाचा पिकर सैल झालाय.
ते कान हप्त्याहप्त्यानं
शेडलाच देऊन आले.

गाडी सेलमहून परतलेल्या एका गलाईवाल्याची.
डॅशबोर्डवर त्याचा मुरुगन आहे, मी काढलेला नाही.
एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर.
गॅरेजवाल्याचा आकडा मी कागदावर लिहून दाखवला,
नानांनी तो दोनदा वाचला
आणि माळ्यावरून पान्यांची पेटी काढली.

तबरेजचा जॅक, वर मोडीत काढलेल्या मागाचं लाकूड,
त्यावर इंजिन.
बोल्ट पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणात खोचले,
जो जिथून निघाला तिथंच.
क्रँकचा एक तेवढा हलेना.
पान्याला पाइप लावला, मी लोंबकळले, नाना लोंबकळले,
म्हेत्रे वहिनी धुणं टाकून बघत राहिल्या.
मग कड्कन असं काही झालं की वाटलं, तुटला.
सुटला होता.
"ह्यो ऐकला," नाना म्हणाले.

जुनी साखळी नवीशेजारी खिळ्याला टांगली.
जेमतेम नखाएवढी लांब.
"ताणली," मी म्हटलं.
ओठ वाचले असणार त्यांनी.
"लोखंड ताणत न्हाई गं. पिना झिजत्यात.
एकेक कडी केसाएवढी कमी हुती,
आन् लोक म्हनत्यात साखळी लांब झाली."
मग किती तरी वेळ डिझेलमध्ये हात धूत बसले.

रंगीत कड्या, चाकांवरचे ठिपके,
ह्याच्यावर तो यायला हवा.
चाकाच्या कमानीत पाना धरून मी, वर बॅटरी घेऊन ते.
मी हाक मारून उपयोग नव्हता,
तेव्हा त्यांनीच ठोकायचं ठरलं:
एकदा, थांब. दोनदा, जरा मागं.
दिवसभर आम्ही एवढंच बोललो.
पहिल्या खेपेला एक दात चुकला.
एका दातानं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.
मी घड्याळ बघितलं, त्यांनी नाही.
सगळं उतरवलं. परत चढवलं.
हातानं दोन पूर्ण फेरे. कुठं अडलं नाही.

कव्हर, सीलंट, पट्टा, तेल.
झाकणातली भोकं रिकामी झाली,
एक बोल्ट उरला, तो कशाचा ते अजून कळलेलं नाही.

साडेपाचला चावी फिरवली
आणि त्याच क्षणी वीज आली.
एक माग, चार माग, मग अख्खी गल्ली.
इंजिन चालू झालं हे मला
फक्त काट्यावरून कळलं.
मान बाहेर काढून कान दिला,
धोट्यांशिवाय काहीच नाही.

नानांनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
मूठ उरलेल्या दातांत धरली,
टोक इंजिनावर टेकवलं
आणि डोळे मिटले.

काय, मी हातानं विचारलं. त्यांना कुठं दिसतंय.
मी बंद करायला हात नेला,
तर डोळे न उघडताच त्यांनी पंजा वर केला.
थांब.

तपासायचं ते पहिल्या मिनिटात तपासून झालं असेल.
दिवे लागले, वहिनींनी धुणं आत नेलं,
नाना बॉनेटखाली तसेच वाकलेले.
डिझेल जळत होतं.
मी बंद केली नाही.