कपलिंग

बाहेर सेहेचाळीस.
आत, माश्यांच्या कपाटात, पंचवीस.
फैजपूरला वीज गेली की जनरेटर आधी माश्यांना,
मग प्राचार्यांच्या कूलरला.
सायबू तडवी सावद्याहून काळी पडलेली केळी आणतो.
वखारवाले हसतात : ने फुकट,
यावर कोणाचं पोट भरतं रे?
भरतं.
तिळाहून लहान पोट.

अळीच्या आत, कातडीखाली, पंख ठेवलेला असतो.
अजून पंख नव्हे. चपटी पिशवी,
पेशींचा एकच थर, खांद्याला खांदा.
प्रत्येकीने कडेकडेने शेजारणीला धरलेलं.
रंग चढवला की त्या धरण्याची हिरवी जाळी उजळते,
आणि जिथे तिघी भेटतात तिथे ठिपका,
तीन शेतांच्या धुऱ्यावरल्या दगडासारखा.

मी त्यातली एक पकड काढून टाकते.
हेच माझं काम. एक जनुक, फक्त एक.
महिना अठरा हजार, तेही दिवाळी उलटल्यावर.

आधी काहीच होत नाही.
मग बाकी नळ्यांतल्या अळ्या काचेवर चढतात,
कोश होतात, तपकिरी पडतात,
एका सकाळी नुसती भणभण.
त्रेचाळीस नंबर अळीच राहते.
खाते. फुगते. आरपार दिसू लागते.
बाराव्या दिवशी चिमट्याने उघडली :
थर नाही, गोळा.
एकमेकींवर चढलेल्या पेशी,
वर कुठलं, खाली कुठलं विसरलेल्या,
पुरे म्हणणारा खांदा सुटला
म्हणून वाढत सुटलेल्या.

वाढ हे सजीवाचं लक्षण,
सहावीत पाठ केलं होतं, एक गुणाला.

अण्णा भुसावळ यार्डात शंटिंगला होते, एकतीस वर्षं.
दोन डब्यांच्या मधे वाकून स्क्रू आवळायचे.
डाव्या हाताची करंगळी तिथेच कुठे खडीत राहिली.
क्वार्टरच्या ओट्यावर जेवताना
भाकरीचे दोन तुकडे ताटात सरकवत सांगायचे :
"लई आवळशीन त वळणावर चाक उचलीन.
ढिलं सोडशीन त झटक्यात तुटीन."
मग किती आवळायचं?
"हाताले समजते."
मला राग यायचा. हे काय उत्तर झालं?

मागच्या महिन्यात मोतीबिंदू काढला आणि लेकीचं काम पाहायला आले.
सायबूने स्टूल पुसून दिलं.
नवा डोळा भिंगावर, जुना मिटलेला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग : "इतक्या डब्यांचं कपलिंग पाह्यते कोन?"

कोणी नाही, अण्णा.
लांबून सिग्नल येतात, म्हणजे रसायनं येतात,
पण पंख केवढा झाला हे मोजायला
वर कुणी मास्तर बसलेला नाही.
शेजारणीची ओढ किती, रेटा किती,
त्यावरून ज्याचं त्याला.
निदान आम्हाला आतापर्यंत एवढंच कळलंय.

"म्हंजे हातालेच," म्हणाले,
आणि पहिल्यांदा माझ्या पगाराचं विचारलं नाही.
त्रेचाळीस नंबर त्यांनी स्वतःच उचलली.
ही एवढी मोठी कोन?
मी म्हटलं, ही थांबत नाही.
त्यांनी नळी उजेडात धरली, चार बोटांत,
आणि होती त्याच खाचेत परत ठेवली,
जरा जपूनच.

संध्याकाळी गाडीवरून सावदा स्टेशनला सोडायला गेले.
फलाटावर मालगाडी धडधडत निघाली होती.
माझ्या ओढणीतून एक माशी उडाली,
लाल डोळ्यांची, चुकून बरोबर आलेली.
मी डबे मोजू लागले, लहानपणीसारखी.
अण्णांनी डोळे मिटले होते.
ते डबे मोजत नव्हते,
दोन डब्यांच्या मधला आवाज ऐकत होते.
"तेविसावा ढिला वाजते," म्हणाले,
आणि फलाटावर सांगायला कोणी आहे का
ते पाहत राहिले.