मिठाचा घन

राजधानीहून तक्ता आला, सुरळी करून.
निळा गोल, पिवळा घन, लाल शंकू,
आणि प्रत्येकाच्या एका अंगाला थोडी सावली,
जाडी आहे असं भासावं म्हणून.
यास्मानीने घनाच्या कडेला नख लावून
कागद उचकटून पाहिला.
"बाई, मागे नुसती भिंत आहे."

तक्ता उतरवला. त्याची परत सुरळी झाली.
तेवढाच तो कामाचा : दंडगोल.

आमच्याकडे मीठ सोडून आहे काय?
शाळेच्या पायरीपासून सुरू होतं
आणि डोळे दुखेपर्यंत जातं.
लिंबेरचा बाप कुऱ्हाडीने ठोकळे पाडतो त्याचे.
त्याला म्हटलं, एक नीट काढून दे,
सहाही अंगांनी सारखा.
"विकायला?"
"हात लावायला."
तो हसला नाही.
दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून घेऊन आला,
पैसे घेतले नाहीत.
"कडा सांभाळा," एवढंच म्हणाला, "कापतात."

पोरांनी लोकरी टोप्या नाकापर्यंत ओढल्या.
ठोकळा या मांडीवरून त्या मांडीवर.
थंड, म्हणालं कुणी.
जड.
याला बाबांचा वास येतो.
आणि देल्मिरा, जी वर्गात बोलत नाही,
कडेवरून बोट नेता नेता म्हणाली,
"हे इथे संपतं आणि इथेच वळतं."
मी ते हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवलं.
कड म्हणजे काय, हे इतकं सरळ
मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

बाजू मोजताना मात्र सगळे फसत.
कुणाच्या आठ, कुणाच्या तेरा.
कुठून निघालो ते बोट विसरतं,
आणि चहूकडून सारखी असलेली वस्तू
आठवण करून देत नाही.
लिंबेरने जीभ लावली. एक.
फिरवला, चाटला. दोन.
ओली ती झाली, कोरडी ती राहिली.
शेवटी सगळीकडून चाचपलं,
कोरडं काही उरलं नव्हतं.
"सहा," तो म्हणाला,
आणि प्यायला पाणी मागितलं.

मग काय, सतरा पोरं, सतरा जिभा.
आरोग्यसेविका आली त्या दिवशी
घन कपाटात होता आणि सगळे तहानलेले.

शंकू दारातून आत येईना.
आम्हीच गेलो त्याच्याकडे,
सुकायला घातलेल्या मिठाच्या ढिगांपाशी.
मिठी मारा, म्हटलं.
टोकाला हात पोचेना, बुडाला कवळ पुरेना,
आणि थंडीने उललेल्या बोटांत मीठ गेलं.
"शंकू झोंबतो," प्रीमो रडत म्हणाला.
परीक्षेत हे उत्तर चुकीचं धरतील.
मी त्याचे हात माझ्या शालीत पुसले
आणि बरोबर म्हटलं.

गोलाचं सोपं होतं असं वाटलेलं.
देल्मिराच्या आईने लामाच्या लोकरीचा गुंडा दिला.
पोरांनी टोक शोधलं, ओढलं,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोल संपला,
वर्गभर नुसता धागा.
त्या दिवशी मी काही शिकवलं नाही.
गुंडाळत बसलो सगळे.

ऑगस्ट आला. वारा असा की दार दोघांनी लावायचं.
घनाचे कोपरे आधी गेले,
मग कडा, कधी ते कळलंच नाही.
कापतात म्हणून जपायच्या होत्या,
आता कुणाला साधा ओरखडाही येत नव्हता.
लिंबेरची युक्तीही चालेना,
एक बाजू कुठे थांबते तेच जिभेला समजेना.

काल देल्मिराने टोपी खाली ओढली,
ठोकळा मांडीवर घेतला, पुष्कळ वेळ फिरवला.
"बाई, हे आता कुठेच संपत नाही," म्हणाली.
"नुसतं वळत राहतं."

नाव विचारेल म्हणून मी मनात शब्द शोधत होते.
तिने विचारलं नाही, ठोकळा माझ्या हातात दिला.
मीही डोळे मिटले.
एका अंगाला खळगा लागला,
उथळ, गुळगुळीत,
माझा अंगठा त्यात मावत नव्हता.