पुढचं डावं चाक

रॉजर्स पासचा उतार, मागे ट्रेलरमध्ये नऊ कालवडी,
आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं,
म्हाताऱ्या माणसाच्या हातातली कपबशी थरथरते तसं.
आधी वाटलं, माझेच हात.
ब्रेकवरून पाय काढला. थांबलं.
ठेवला. सुरू.
चला, म्हटलं, अजून तरी मी नाही.

शनिवारी पिकअप शेडमध्ये घेतली.
हे चाक उचलायच्या भानगडीत पडायचं नसतं,
पायाच्या पंजावर तोलून चालवत न्यायचं
आढेवेढे घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
कॅलिपर तारेनं वर टांगला.
नळीवर लोंबकळू द्यायचा नाही;
नळी तेव्हा काही बोलत नाही, पण डूख धरते.

रोटरवर बारीक आकडे कोरलेले असतात:
याहून पातळ झालो तर मला काढा.
किती सरळ बोलणं.
आमच्या अख्ख्या काउंटीत एकही माणूस
असं अंगावर लिहून घेऊन फिरत नाही.
मायक्रोमीटर लावला. आकडा कधीच ओलांडलेला,
बहुतेक मागच्याच हिवाळ्यात.

आणि तो निघेना.
सहा हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
हब आणि रोटरच्या फटीत बसून
दोघांना एकजीव करून गेलेलं.
तेल सोडलं. कॉफी प्यायले. घण घातला.
पुन्हा तेल. शिव्या, नॉर्वेजियनमध्ये,
आईकडून आलेल्या तेवढ्याच.
पुन्हा घण.

त्या दिवशी वारा नव्हता. मोंटानात वारा नसला
की आवाज गव्हाच्या खुंटांवरून
दोन मैल चालत जातो.
दोन मैलांवर ऑर्व्हल स्टेनरूडचं घर.
त्याच्याशी बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली,
पाणवठ्याच्या कुंपणावरून.
खरं तर कुंपणावरून नाही,
कुंपणापाशी मी जे बोलले त्यावरून.

तो आला. टोपी काढली नाही.
हातात दोन लांब बोल्ट, पाना,
बगलेत तारेचा ब्रश.
"तासभर ऐकतोय," म्हणाला,
"चुकीच्या जागी मारतेयस."

कॅलिपर बसतो त्या दोन भोकांतून
त्यानं मागून बोल्ट फिरवत आणले, रोटरला टेकवले.
वरच्याला अर्धा फेरा. खालच्याला अर्धा.
घाई नाही. पुन्हा वरच्याला.
लोखंड कण्हलं.
मग मला मान हलवून खूण केली,
आणि मी एकच टोला घातला.
बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज,
छपरातली कबुतरं उडाली,
शेडभर लाल भुकटी.

मी नवा रोटर उचलणार, तर तो म्हणाला, "थांब."
हबवरचा गंज ब्रशनं घासत बसला
वीस मिनिटं, गुडघे दुखत असणार तरी.
"हे तसंच ठेवलंस तर नवासुद्धा वाकडाच फिरेल."
मी तोवर नव्याला न्हाऊ घातलं,
कारखान्याचं तेल अंगभर माखून येतात ते,
बाळासारखे.
तिथं आणखी काही बोलता आलं असतं.
आम्ही नट आवळले. समोरासमोरचे, ठरल्या क्रमानं.

"उजवं?" त्यानं विचारलं.
"उद्या." एका बाजूचा बदलून भागत नाही,
हे दोघांनाही माहीत होतं.
बोल्ट बाकावर ठेवून गेला. "राहू देत. लागतील."

रविवारी पहाटे उजवं चाक काढलं.
वरच्याला अर्धा फेरा, खालच्याला अर्धा,
आणि रोटर मुकाट्यानं मांडीवर आला.
घण लागलाच नाही.

शेडचं दार सताड उघडलं.
वारा आजही नव्हता.
जुना रोटर ऐरणीवर ठेवला,
आणि घालत राहिले टोले,
चांगला अर्धा तास,
चुकीच्या जागी.