सोडताना

ग्लदानीतल्या त्या नऊ मजली इमारतीची लिफ्ट
नाणं गिळायची आणि जागची हलायची नाही.
आठवड्यात तिसरा ट्रान्झिस्टर मेला:
अंगठ्याच्या नखाएवढा, पोटाला तडा,
वास जळक्या शिंगासारखा.

मुरमान म्हणाला, रिलेला वीज देताना काही बिघडत नाही, पोरी.
चोवीस व्होल्ट, टक्,
लोखंडाची जीभ टाळूला लागते.
मारतो तो सोडताना.

सोडल्यावर काय उरतं? मी विचारलं.
उरतं, म्हणाला. वाहत होतं ते वाहतंच राहावं
हा कॉइलचा हट्ट. तू दार लावलंस
की ती दारावर धडकते,
चोवीसाचे चारशे होतात,
आणि दार म्हणजे हा बिचारा.

सिगारेटच्या पाकिटातून त्याने डायोड काढला.
कॉइलला आडवा लाव. पांढरा पट्टा प्लसकडे.
उलटा लावशील तर आजच घरी जाशील.
आता तिचं ती आत फिरेल, दमेल, निजेल.

ट्रान्झिस्टर जगला.
लिफ्ट मात्र मजल्याच्या दोन बोटं खाली थांबू लागली.
फिरत्या करंटने रिले धरून ठेवलेला,
ब्रेक उशिरा बसायचा.
सियाला आजींचा पाय अडखळला,
पोतं सुटलं, अक्रोड जिन्यावरून
खालपर्यंत गडगडत गेले,
आणि त्यामागून शिव्या, एकेक मजला उतरत.

मुरमान बराच वेळ पॅनेलपुढे उकिडवा बसला.
त्याचा रिलेचा कारखाना बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली,
फाटकाची किल्ली अजून त्याच्या खिशात असते.
ते फाटकही आता नाही, कुणी भंगारात विकलं.

मी म्हटलं, डायोडच्या पाठीला झीनर जोडूया, छत्तीसचा.
चोवीस अन् छत्तीस साठ.
ट्रान्झिस्टर ऐंशी सोसतो.
थोडं भडकू दे तिला, म्हणजे लवकर विझेल.
तो हसला नाही. सोल्डरची तार पुढे केली.

संध्याकाळी लिफ्ट सपाट थांबली.
आजींनी आधी चपलेच्या टोकाने फट चाचपली,
मग दारातूनच आठ अक्रोड दिले,
मोजून, दोघांत.
मुरमानने पक्कडीत एक फोडला.
कुजका निघाला.
दुसरा घेतला.